देव दयाळू, मग दुःख का?



गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील एका मुलाचा धाकटा भाऊ तापाने दगावला. काही दिवसांनी शाळेत आल्यावर त्याने विचारले, "गुरुजी, देव दयाळू आहे असे आपण रोज प्रार्थनेत म्हणतो. मग त्याने हे का होऊ दिले?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. पण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हे. तो फार प्राचीन आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी सकाळी, पोर्तुगालच्या लिस्बन या राजधानीत प्रचंड भूकंप झाला. गोमंतक तेव्हा त्याच राजसत्तेखाली होता. प्रार्थनेस जमलेल्या लोकांवर चर्चची छते कोसळली. जे नदीकाठी धावले त्यांच्यावर समुद्राची लाट चालून आली. आणि उरलेले शहर कित्येक दिवस आगीत जळत राहिले. हजारो माणसे प्राणास मुकली. ही पापाची शिक्षा म्हणावी, तर पाळण्यातील बालकांचे पाप कोणते?

ईश्वराने शक्य त्या सर्व जगांतून सर्वोत्तम जगच निर्माण केले, असे जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने १७१० साली प्रतिपादिले होते. व्हॉल्तेअरने १७५९ मध्ये 'कांदीद' ही कथा लिहून या समाधानाचा उपहास केला. उलट रूसोने त्यास १७५६ मध्येच पत्राने कळविले होते की, सहा-सात मजली घरे दाटीवाटीने बांधली ती माणसाने, निसर्गाने नव्हेत.

आपल्या ब्रह्मसूत्रांतही हा आक्षेप आहे. जगाचा कर्ता ईश्वर मानल्यास पक्षपात व निर्दयता हे दोष त्याच्याकडे येतात. यावर शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात. पाऊस सर्वत्र सारखाच पडतो. भात आणि जव वेगळे उगवतात ते बीजांच्या भेदामुळे. त्याचप्रमाणे सुखदुःखातील भेद प्राण्यांच्या कर्मांमुळे होतो. हे उत्तर सुसंगत खरे. पण ते प्रत्येकाने स्वतःच्या आचरणास लावावे. शोकाकुल माणसास "हे तुझे कर्म" असे सुनावणे हा त्या विचाराचा दुरुपयोग होय.

माणसाच्या दुष्टपणाचे उत्तर त्यामानाने सोपे आहे. निवडीचे स्वातंत्र्य नसते, तर सद्गुणालाही अर्थ उरला नसता. परंतु ताप आणि भूकंप कोणाच्या निवडीने येत नाहीत. तेथे माझी बुद्धी थांबते, आणि श्रद्धा असूनही ती थांबते हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

लिस्बनमध्ये पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने गावोगावच्या धर्मगुरूंकडे प्रश्न पाठविले: धक्के किती वेळ बसले? समुद्र कसा वागला? माणसे किती मेली? त्यानंतर भिंतींत लाकडी सांगाडे घालून नवी घरे उभारण्यात आली. दुःखाचे कारण शोधून ते कमी करणे, ही श्रद्धावान व अश्रद्ध या दोघांनाही मोकळी असलेली वाट आहे.

त्या दिवशी मी निरुत्तर उभा होतो. तेवढ्यात त्या मुलाच्या शेजारचा सोबती सरकून त्याच्या अगदी जवळ बसला व त्याने आपली वही त्याच्यापुढे उघडून ठेवली. चुकलेले धडे ते दोघे मिळून उतरवू लागले. देवाच्या दयेविषयी मला जे थोडेफार समजले आहे, ते मी त्या बाकावर पाहिले.