हमीदा बानू

हमीदा बानू (मृत्यू : १९८६) या भारतीय कुस्तीपटू होत्या. भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला मल्ल म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. १९४० आणि १९५० च्या दशकांत त्यांनी प्रामुख्याने पुरुष मल्लांशी जाहीर कुस्त्या खेळल्या. १९५४ मध्ये “जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन” अशा आशयाचे आव्हान दिल्यामुळे त्यांची कीर्ती देशाबाहेरही पोहोचली. वृत्तपत्रांनी त्यांना ‘अलीगढची ॲमेझॉन’ हे नाव दिले. ॲमेझॉन म्हणजे ग्रीक पुराणकथांतील लढवय्या स्त्रिया. कारकिर्दीतील काही महत्त्वाचे आणि वादग्रस्त प्रसंग मुंबई, पुणे व कोल्हापूर येथे घडले. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे गेला.

प्रारंभिक जीवन

हमीदा बानू यांचा जन्म उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे झाल्याचे सांगितले जाते. काही लेखनात त्यांचे मूळ अलीगढ परिसरातील मल्लांच्या घराण्यात असल्याचे म्हटले आहे. १९५४ मधील वृत्तांतांनुसार त्या वेळी त्यांनी वयाची तिशी ओलांडली होती. कुस्तीचे शिक्षण घेण्यासाठी त्या अलीगढला गेल्या व तेथे सलाम पैलवान यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या. पुढे सलाम पैलवान हेच त्यांचे वस्ताद, सामने ठरवणारे आणि कारकिर्दीवर नियंत्रण ठेवणारे सहकारी राहिले.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर भारतातील आखाडे आणि महाराष्ट्रातील तालमी ही पुरुषांचीच क्षेत्रे होती. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभारले गेले. तांबड्या मातीचा हौदा, वस्तादाची शिस्त, जोर-बैठका, खुराक आणि ब्रह्मचर्याचा आग्रह या चौकटीत तालीम चाले. या चौकटीत स्त्रीला स्थान नव्हते. हौद्याच्या पावित्र्याच्या कल्पनेमुळे अनेक ठिकाणी स्त्रियांना तालमीत पाऊल टाकण्यासही मनाई असे.

संस्थाने विलीन झाल्यानंतर मल्लांचा राजाश्रय आटला. त्याच सुमारास मुंबईसारख्या शहरांत तिकीट लावून होणाऱ्या ‘फ्री-स्टाईल’ कुस्त्यांचा धंदा वाढीस लागला. दारासिंग, किंगकाँग अशा मल्लांच्या लढतींची भित्तिपत्रके गावोगाव लागत. या लढतींत खेळ आणि करमणूक यांची सरमिसळ असे. कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते, असा संशयही प्रेक्षकांत असे. अशा ठरवून खेळलेल्या लढतीला कुस्तीक्षेत्रात ‘नुराकुस्ती’ म्हणतात. तालमीने दार बंद ठेवलेल्या स्त्रीला जाहीर कुस्ती खेळण्याची वाट या तिकिटाच्या कुस्तीतूनच मिळू शकत होती. त्यामुळे त्या धंद्यावरील संशयही हमीदा बानू यांच्या वाट्याला आला.

महाराष्ट्रातील सामने

मुंबई, १९४४

‘बॉम्बे क्रॉनिकल’ या दैनिकाच्या १९४४ मधील वृत्तानुसार हमीदा बानू आणि गुंगा पैलवान यांची कुस्ती पाहण्यासाठी मुंबईत सुमारे २०,००० प्रेक्षक जमले होते. गुंगा पैलवानाने ऐनवेळी अधिक पैसे आणि तयारीसाठी अधिक अवधी मागितला व सामना रद्द झाला. संतप्त प्रेक्षकांनी मैदानाची मोडतोड केली. स्त्री मल्लाच्या नावावर तिकिटे खपू शकतात हे या प्रसंगाने दाखवले.

पुणे

पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी त्यांची कुस्ती ठरली होती. राष्ट्रीय तालीम संघाने आक्षेप घेतल्यामुळे ती रद्द करावी लागली. स्त्री आणि पुरुष यांची जाहीर कुस्ती कुस्तीच्या संघटनांना मान्य नव्हती.

कोल्हापूर

कोल्हापुरात शोभासिंग पंजाबी या मल्लाचा त्यांनी पराभव केल्यानंतर प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि दगडफेक केली. जमावाला आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. लढत लुटुपुटीची असल्याचा आरोप त्या वेळी झाला. कुस्तीची पंढरी मानल्या जाणाऱ्या शहरात विजयी मल्लाला फेटा आणि इनाम मिळण्याचा प्रघात होता. येथे विजयी मल्लावरच दगड आले.

राज्य सरकारशी पत्रव्यवहार

लढतींवर घातल्या गेलेल्या बंदीविरुद्ध हमीदा बानू यांनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. देसाई १९५२ ते १९५६ या काळात मुख्यमंत्री होते. त्या स्त्री आहेत म्हणून बंदी घातलेली नाही, तर आयोजक त्यांच्यासमोर बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्या आहेत, असे त्यांनी उत्तर दिले.

१९५४ : आव्हान आणि कीर्ती

फेब्रुवारी १९५४ मध्ये हमीदा बानू यांनी लग्नाचे आव्हान जाहीर केले. त्यानंतर त्यांनी पतियाळाच्या एका आणि कलकत्त्याच्या एका पुरुष मल्लाला हरवल्याचे वृत्त आले. मे महिन्याच्या आरंभी त्या वर्षातील तिसऱ्या लढतीसाठी बडोद्याला पोहोचल्या. शहरात मालमोटारींवर फलक लावून लढतीची जाहिरात करण्यात आली होती.

बडोद्याच्या महाराजांचा आश्रय असलेले छोटे गामा पैलवान हे त्यांचे नियोजित प्रतिस्पर्धी होते. आपण स्त्रीशी कुस्ती खेळणार नाही, असे सांगून त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. त्यांच्या जागी बाबा पैलवान हौद्यात उतरले. हमीदा बानू यांनी त्यांना १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केले. वृत्तसंस्थेने या निकालाची बातमी देताना, बाबा पैलवान आता लग्नाच्या शर्यतीतून बाद झाले, असा विनोदही केला. आपण तोवर ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्याचा दावा हमीदा बानू यांनी त्या काळात केला होता.

त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन यांच्याशी त्यांची लढत झाली. ‘रशियाची अस्वलीण’ अशी चिस्टिलिन यांची जाहिरात करण्यात आली होती. हमीदा बानू यांनी एका मिनिटाच्या आत ही कुस्ती जिंकली. त्यानंतर युरोपात जाऊन तेथील मल्लांशी लढण्याचा मनोदय त्यांनी जाहीर केला.

आहार व व्यायाम

हमीदा बानू यांच्या डावपेचांपेक्षा त्यांच्या शरीराचे आणि खुराकाचे वर्णन वृत्तपत्रांत अधिक येत असे. त्यांची उंची ५ फूट ३ इंच आणि वजन सुमारे १०८ किलो असल्याचे छापले गेले. रोजच्या खुराकात साडेपाच लिटरहून अधिक दूध, पावणेतीन लिटर सूप, पावणेदोन लिटर फळांचा रस, एक कोंबडी, सुमारे एक किलो मटण, बदाम, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, दोन मोठे पाव आणि दोन ताटे बिर्याणी यांचा समावेश असल्याचे सांगितले जाई. त्या नऊ तास झोप आणि सहा तास व्यायाम करीत, असेही वृत्त आहे.

दूध, बदाम, तूप-लोणी आणि मांस हा पुरुष पैलवानाचाही नेहमीचा खुराक होता आणि त्याच्या बाबतीत तो कौतुकाचा विषय असे. हमीदा बानू यांच्याबद्दलच्या लेखनात मात्र तो नवलाचा आणि थट्टेचा विषय झालेला दिसतो.

सामन्यांच्या सत्यतेचा वाद

हमीदा बानू यांच्या कुस्त्या खऱ्या होत्या की ठरवलेल्या, हा वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला. लेखक महेश्वर दयाल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, त्या अगदी पुरुष मल्लांप्रमाणे लढत असे नमूद केले आहे. प्रतिस्पर्धी आधी गुप्त समझोता करून मुद्दाम हरत, असे काही जण म्हणत, अशी नोंदही त्यांनी केली आहे. क्रीडा-इतिहासकार रणजय सेन यांनी ‘नेशन ॲट प्ले’ या ग्रंथात त्यांच्या लढतींकडे खेळ आणि करमणूक यांच्या सरमिसळीचे उदाहरण म्हणून पाहिले आहे.

या वादात तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, त्या काळातील तिकीट लावून होणाऱ्या पुरुषांच्या लढतींवरही हाच आरोप होत असे. तरीही त्या मल्लांचे मल्लपण सहसा नाकारले जात नसे. दुसरी, लढत लवकर संपली एवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. गामा पैलवान आणि पोलंडचे मल्ल झिबिस्को यांची १९१० मधील लंडन येथील कुस्ती अडीच तासांहून अधिक काळ चालून अनिर्णित राहिली होती. १९२८ मध्ये पतियाळा येथे गामांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला एका मिनिटाच्या आत हरवले. तिसरी, हमीदा बानू यांच्याशी लढण्यास नकार देणाऱ्या छोटे गामा यांनी स्त्रीशी न लढणे हे कारण दिले होते. लढतीच्या खरेपणाचा प्रश्न त्यांनी काढला नव्हता. संघटनांनी अधिकृत लढतींचे दार बंद ठेवल्यामुळे त्यांचे बळ निर्विवादपणे सिद्ध होईल अशी संधी त्यांना मिळाली नाही. मुख्यमंत्र्यांच्या उत्तरातून आयोजकांच्या व्यवहाराविषयीचा संशय दिसतो. प्रत्येक लढतीचा निवाडा त्यातून होत नाही.

निवृत्ती आणि कल्याणमधील आयुष्य

१९५४ नंतर हमीदा बानू यांचे नाव कुस्तीच्या बातम्यांतून नाहीसे झाले. युरोपचा दौरा झाला नाही. त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे प्रसारमाध्यमांना सांगितल्यानुसार सलाम पैलवान यांना हा बेत पसंत नव्हता. त्यांना रोखण्यासाठी सलाम पैलवान यांनी केलेल्या मारहाणीत हमीदा बानू यांचे हाड मोडले. पाय दुखावल्यामुळे त्या कित्येक वर्षे काठीच्या आधाराशिवाय नीट चालू शकत नव्हत्या, असे त्यांच्या परिचितांनी सांगितले आहे. दोघांचा विवाह झाला होता की नाही, याबाबत दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांची विधाने परस्परविरोधी आहेत.

अलीगढ, मुंबई आणि कल्याण अशी दोघांची ये-जा असे व कल्याणला त्यांचा दुधाचा व्यवसाय होता. पुढे सलाम पैलवान अलीगढला परतले आणि हमीदा बानू कल्याणलाच राहिल्या. दूधविक्री आणि इमारतींचे भाडे यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पैशांची चणचण भासू लागल्यावर त्यांनी घरी केलेले खाद्यपदार्थ रस्त्याच्या कडेला विकले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

समकालीन महिला कुस्ती

हमीदा बानू यांच्या कीर्तीचे वर्ष, १९५४, हे जपानमधील महिला व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासातही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मिल्ड्रेड बर्क यांच्यासह अमेरिकन महिला मल्लांनी जपानचा दौरा केला आणि तेथे या खेळाविषयी कुतूहल वाढले. १९६८ मध्ये ‘ऑल जपान विमेन्स प्रो-रेसलिंग’ ही संस्था स्थापन झाली. तेथील लढतींचे निकालही ठरवलेले असत. परंतु संस्थेने मुलींना नियमित प्रशिक्षण दिले, स्त्रियांच्या लढती स्त्रियांशीच लावल्या आणि दूरचित्रवाणीमुळे त्या घरोघर पोहोचल्या. १९८० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या चिगुसा नागायो यांनी पुढे १९९० च्या दशकात ‘गैया जपान’ ही स्वतःची संस्था उभारून नव्या खेळाडू घडवल्या. खेळाडूने प्रशिक्षक होऊन पुढील पिढी तयार करण्याची परंपरा तेथे रुजली. भारतात त्या काळी महिला मल्लांसाठी अशी संस्था नव्हती. त्यामुळे हमीदा बानू यांची कारकीर्द एकाकी राहिली.

वारसा

महिलांच्या कुस्तीला अधिकृत क्रीडाप्रकार म्हणून मान्यता मिळण्यास पुढे बराच काळ लागला. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७ मध्ये, म्हणजे हमीदा बानू यांच्या निधनाच्या पुढील वर्षी, नॉर्वेत झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली. गीता फोगाट यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, तर साक्षी मलिक यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.

महाराष्ट्रात पुरुषांसाठी ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे. महिलांसाठीची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगली येथे झाली. अंतिम लढतीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडी यांनी वैष्णवी पाटील यांच्यावर विजय मिळवला. हमीदा बानू यांचे उत्तरायुष्य ज्या कल्याणमध्ये गेले, त्याच कल्याणच्या मल्ल म्हणून वैष्णवी पाटील या स्पर्धेत उतरल्या होत्या.

उर्दू कथाकार कुर्रतुल ऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या कथेत हमीदा बानू यांच्या कुस्तीचा उल्लेख येतो. ४ मे २०२४ रोजी ‘गूगल’ने आपल्या मुखपृष्ठावर बेंगळुरूच्या चित्रकार दिव्या नेगी यांनी काढलेले हमीदा बानू यांचे विशेष चित्र झळकवले. त्यानंतर त्यांच्या कारकिर्दीविषयी भारतीय भाषांतील प्रसारमाध्यमांत नव्याने लेखन झाले.