दोष कोणाचा? माणसाचा की व्यवस्थेचा?

कार्टून म्हटले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. मुले तासन् तास त्यासमोर बसतात, ही तक्रार खोटी नाही. परंतु काही मालिका मुलांबरोबर मोठ्यांनीही पाहाव्यात अशा असतात. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही २००५ ते २००८ या काळात निघालेली अमेरिकन मालिका त्यांपैकी एक. तिच्यातील जग काल्पनिक आहे. प्रश्न मात्र खरा आहे. अन्याय झाला की दोष कोणाला द्यायचा? अन्याय करणाऱ्या माणसाला, की ज्या व्यवस्थेत तो वाढला तिला?

अग्निराष्ट्राची गोष्ट

या कथेत अग्निराष्ट्र शंभर वर्षे इतर देशांवर युद्ध लादत आले आहे. राजा ओझाई क्रूर आहे, यात शंका नाही. पण युद्ध त्याने सुरू केलेले नाही, ते त्याचा आजोबा सोझिन याने सुरू केले. मग ते तीन पिढ्या चालले कसे? एका भागात याचे उत्तर सापडते. कथेचा नायक आंग वेष बदलून अग्निराष्ट्राच्या शाळेत जाऊन बसतो. तेथे मुलांना शिकवले जाते की वायुपंथीयांच्या सैन्याचा आपण पराभव केला. खरे तर वायुपंथीयांजवळ सैन्यच नव्हते. जिथे शाळेतच खोटे शिकवले जाते, तिथे युद्धाला राजा एकटा लागत नाही. हजारो हात आपोआप मिळतात.

दुसऱ्या एका भागात सैन्याच्या कारखान्यामुळे नदी नासते. काठावरचे लोक अग्निराष्ट्राचेच, पण आजारी आणि उपाशी. कटारा आंगच्या मदतीने तो कारखाना उद्ध्वस्त करते. काम फत्ते झाले असे वाटते, तोच सैनिक येऊन गावकऱ्यांनाच दोषी धरतात. कटारा त्यांना पळवून लावते. शेवटी नदी साफ करायला गावकऱ्यांनाच पाण्यात उतरावे लागते.

सुप्याचे शेतकरी

अशीच एक खरी गोष्ट आपल्या इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आसपासच्या गावांतील शेतकरी जमले. त्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले व जाळले. दुकानेही लुटली गेली. हे लोण पुढे अहमदनगर जिल्ह्यातही पोचले. दख्खनचे दंगे म्हणून ही घटना ओळखली जाते.

सावकार निर्दोष होते काय? मुळीच नाही. फेडीची पावती न देणे, रोख्यात वाढीव रक्कम लिहिणे असे प्रकार चालत. १८५९ च्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षे केली. हेतू असा की व्याज साचू नये. सावकारांनी दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. वाचता न येणारा शेतकरी अंगठा उठवीत राहिला.

पण सावकारामागे आणखी बरेच काही होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला एकाएकी मोल आले. कर्ज हवे तेवढे मिळू लागले. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, मागणी घटली, कर्जाचे दार बंद झाले. त्याच सुमारास सरकारने नव्या आकारणीत शेतसारा दीडपट ते दुपटीपर्यंत वाढवला. पीक बुडो की भाव पडो, सारा रोख भरायचा. कापूस पिकवणाऱ्या आपल्या सौंसर-पांढुर्णा भागाला भावाचे हे चढउतार वेगळे समजावून सांगायला नकोत.

सरकारने चौकशी आयोग नेमला. निष्कर्ष काय निघाला? शेतसारा कारण नाही, दोष सावकारांचा. १८७९ मध्ये कायदा झाला आणि कर्जाचा मागचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. हे चांगलेच झाले. पण सारा ठरवणारी व्यवस्था स्वतःला निर्दोष ठरवून मोकळी झाली. एकाकडे बोट दाखवले की बाकीचे सुटतात, ते असे.

उलटी बाजूही पाहू

म्हणून सगळा दोष व्यवस्थेवर टाकावा काय? तसेही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याच्या जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावचे लोक गोटमार खेळतात. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. कोणाचा दगड कोणाला लागला हे गर्दीत सांगता येत नाही. 'ही परंपरा आहे' एवढे म्हटले की काम भागते. पण दगड परंपरा उचलत नाही, माणसाचा हात उचलतो. इथे व्यवस्थेआड माणूस लपतो.

त्या मालिकेतील राजपुत्र झुको याच वळणावर उभा राहतो. आपले राष्ट्र सर्वश्रेष्ठ, युद्ध म्हणजे इतरांवर उपकार, हेच त्याला लहानपणापासून शिकवले होते. ते शिक्षण त्याने निवडले नव्हते. तरी आपण केलेल्या चुकांची जबाबदारी तो शिकवणाऱ्यांवर ढकलत नाही. काकांची क्षमा मागतो, बापासमोर उभा राहून सत्य बोलतो, आणि पुढे राजा होऊन युद्ध थांबवतो.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गाची काच फुटली तर 'कोणी फोडली?' हे विचारलेच पाहिजे. ज्याने फोडली त्याने पुढे येऊन सांगितलेच पाहिजे. पण दर महिन्याला काच फुटत असेल, तर खेळायला दुसरी जागा आहे का, हेही विचारायला हवे. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांचा, दुसरा पालकांचा, शिक्षकांचा आणि विश्वस्तांचा. दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारणाऱ्या शाळेत न्याय वेगळा शिकवावा लागत नाही, असे आम्हांस वाटते.