गुलाबी नांगीची कोळंबी

पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत एक इवलीशी कोळंबी राहते. तिची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी आणि भडक गुलाबी असते. ही नांगी विलक्षण वेगाने मिटते, पाण्याचा झोत सुटतो आणि त्यातून एक बुडबुडा तयार होतो. बुडबुडा फुटताना मोठा आवाज होतो आणि त्या धक्क्याने लहान भक्ष्य जागीच बधिर होते. अशा कोळंब्यांना ‘पिस्तूल कोळंबी’ म्हणतात. २०१७ मध्ये आर्थर अँकर, क्रिस्टिन हल्टग्रेन आणि सॅमी डी ग्रेव्ह यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकातून ही जाती नवी म्हणून जाहीर केली.

एवढा ठसठशीत रंग असला, तरी केवळ त्यावरून जाती ठरत नाही. अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या नमुन्याचा रंग उडून जातो. जिवंतपणीचे छायाचित्र नसेल तर हाती फक्त शरीररचना उरते. शिवाय पश्चिम अटलांटिकमध्ये हिच्यासारखीच दिसणारी ‘सिनाल्फियस अँटिलेन्सिस’ ही जाती १९०९ पासून माहीत होती. ही तीच, की वेगळी? खरे काम इथे सुरू होते आणि ते अतिशय चिकाटीचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाय, नांग्या, शृंगिका यांच्या एकेका खंडाची लांबी-रुंदी मोजायची, दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवून ताडून पाहायचे. फरक सापडले ते असेच बारीक, खंडांच्या प्रमाणातले. जनुकीय तपासणीने त्यांना बळ दिले: जाती ओळखण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील जनुकाच्या क्रमात सुमारे १० टक्के तफावत निघाली.

या तफावतीचे मूळ भूगोलात आहे. पनामाची संयोगभूमी हळूहळू वर आली आणि सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी दोन महासागरांमधली वाट पूर्ण बंद झाली. एकाच पूर्वजाचे वंशज दोन बाजूंना राहून वेगळे होत गेले. उथळ किनाऱ्यावरच्या आणि खोल पाण्यातल्या जीवांची ताटातूट एकाच वेळी झाली नाही, म्हणून अशा जोड्यांमधली जनुकीय अंतरे कमी-जास्त आढळतात. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना या जोड्या मोलाच्या वाटतात.

वर्गीकरणात ही कोळंबी दशपाद गणात, अल्फेइडी कुलात, सिनाल्फियस प्रजातीत बसते. जातीनाम मात्र संशोधकांनी निवडायचे असते. ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडच्या चाहत्या संशोधकांनी ‘सिनाल्फियस पिंकफ्लॉयडी’ हे नाव दिले. गुलाबी नांगी आणि कर्णकर्कश आवाज या दोन्हींना ते शोभते.

नाव छापून आले की ते आपोआप ग्राह्य ठरते असे नाही. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार वर्णन प्रसिद्ध करावे लागते, नाव ज्यावर आधारले तो नमुना निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल हेही सांगावे लागते. या नमुन्याला ‘नामधारक नमुना’ म्हणता येईल. पुढे कोणाला शंका आली, तर तोच काढून पुन्हा तपासता येतो.