नाशिकमध्ये ३८४ मिळवा

‘त्र्यंबकेश्वर’ या नावात अक्षरं किती? बोटांवर मोजा. त्र्यं, ब, के, श्व, र. पाच. आता हाच प्रश्न तुमच्या फोनला विचारता आला, तर तो म्हणेल, तेरा! आणि तो चुकलेला नाही. त, मग पाय मोडण्याची खूण, र, पुन्हा पाय मोडण्याची खूण, य, अनुस्वार. एवढं झालं की कुठे आपलं पहिलं अक्षर पुरं होतं. आपण एका दमात वाचतो ते ‘त्र्यं’ त्याच्या लेखी एकामागोमाग ठेवलेल्या सहा वस्तू आहेत.

धरून चला, त्र्यंबकला तुमचं छोटंसं लॉज आहे. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि यात्रेकरू खोली शोधणार ती फोनवर. म्हणून तुम्ही वेबसाइट करायला घेतलीत. हल्ली त्यात अवघड काय आहे म्हणा! २००३मध्ये आलेलं वर्डप्रेस फुकट मिळतं, तयार साचा निवडायचा, नाव टाकायचं, फोटो चढवायचे. दुपारच्या चहापर्यंत पान तयार. पण त्या पानावर ‘नाशिक’ एवढा एक शब्द दिसावा म्हणून आत जे चालतं ते पाहिलंत, तर चहा गार होईल.

संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त आकडा कळतो. म्हणून जगातल्या बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडनं एकेक क्रमांक दिलाय. न म्हणजे २३४४. काना २३६६. श २३५८, पहिली वेलांटी २३६७, क २३२५. झालं नाशिक. आता एक गंमत करा. या पाचही आकड्यांत ३८४ मिळवा. काय मिळेल? नाशिकच, पण गुजराती लिपीत! ३८४ऐवजी ८९६ मिळवा, तेच नाशिक कानडीत उमटेल. वणीला, त्र्यंबकला गुजरातहून किती माणसं येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी पाटी लिहायची, तर लिपीपुरतं काम एका बेरजेवर भागतं.

हा योगायोग नाही. देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, कानडी, सगळ्यांचे आकार वेगळे, पण वर्णमाला एकाच शिस्तीची: आधी कंठ्य, मग तालव्य, असं करत ओठांपर्यंत. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात संगणकासाठी ‘इस्की’ नावाची संकेतपद्धत ठरली, ती हीच शिस्त धरून. १९९१मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा भारतीय लिप्यांची मांडणी तिथून उचलली गेली. प्रत्येक लिपीला १२८ घरं, आणि प्रत्येकीत क त्याच जागी. प्राचीन व्याकरणकारांनी उच्चाराच्या जागा ओळखून लावलेला क्रम आज तुमच्या खिशातल्या काचेमागे काम करतोय.

आकडे ठरले, पण ते तारेतून पाठवायचे कसे? इथे गोष्ट अमेरिकेत जाते. १९९२चा सप्टेंबर, न्यू जर्सीतलं एक साधं खाणावळवजा हॉटेल. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक हे दोन प्रोग्रॅमर जेवायला बसलेत. थॉम्पसननं ताटाखालच्या कागदावरच एक युक्ती मांडली आणि आठवडाभरात ती त्यांच्या संगणकांवर चालूही झाली. तिचं नाव यूटीएफ-८. आजचं जवळजवळ सगळं वेब तिच्यावर चालतं.

युक्ती काय? इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या एकेका चिन्हाला तीन लागतात. मग वाचणाऱ्या यंत्राला कसं कळायचं, कुठलं अक्षर किती बाइटांचं? समजा नाशिकरोड स्टेशनात गाडी शिरतेय आणि इंजिनाच्या कपाळावरच लिहिलंय, ‘एकूण डबे तीन’. ‘न’चा पहिला बाइट १११०नं सुरू होतो, तीन एक म्हणजे तीन डबे. मागच्या दोन्ही डब्यांवर १० अशी खूण, म्हणजे ‘मी इंजिन नाही, मागचा आहे’. मजकूर मध्येच तुटला, एखादा डबा हरवला, तरी पुढचं इंजिन दिसताच वाचन सावरतं. बिघडलं तर एखादं अक्षर, पान नाही. जेवणाच्या कागदावर मांडलेली ही गोष्ट, आणि तिच्यात त्र्यंबकेश्वर एकोणचाळीस बाइटांत बसतं!

अजून पडद्यावर काहीच उमटलेलं नाही बरं का. आणि खरी करामत इथून पुढे आहे. ‘नाशिक’मधली वेलांटी पाहा. आपण ती शच्या आधी काढतो, पण साठवलेली असते शच्या नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. मग तिला उचलून पुढे कोण नेतं? क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम ‘हार्फबझ’ नावाचा प्रोग्रॅम करतो. बेहदाद इस्फहबोद या इराणी प्रोग्रॅमरनं तो वाढवला आणि सगळ्यांना फुकट वापरायला दिला. तो आकड्यांची रांग वाचतो, वेलांटी पुढे ओढतो, पाय मोडलेल्या त आणि र यांची मोट बांधून फाँटमध्ये ‘त्र’चा आकार आहे का ते पाहतो, रफार उचलून डोक्यावर ठेवतो. निर्णयसागरसारख्या छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस शेकडो खणांच्या पेटीतून हात न चुकता जे उचलायचा, ते हा प्रोग्रॅम पापणी लवायच्या आत करतो.

हे एकदा कळलं की पानाच्या मांडणीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. इंग्रजी साच्यांत मथळ्याची अक्षरं सुटी सुटी ठेवायची फॅशन असते. तो साचा मराठीला लावलात, तर दोन अक्षरांमध्ये फट पडते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. म्हणून अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवायचं, विषय संपला. उलट दोन ओळींमधलं अंतर वाढवायचं. इंग्रजीपेक्षा आपल्या ओळीची वरखाली ये-जा जास्त. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. दाटीवाटी झाली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. माझ्या मते मराठी पानं वाचायला जड जातात त्याचं निम्मं कारण एवढंच असतं. फाँटही आता विकत घ्यायची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी केलेला ‘मुक्ता’ फुकट आहे आणि देखणा आहे.

आणखी एक बारीक कळ आहे. पानाच्या सांगाड्यात भाषेची खूण टाकायची जागा असते. तिथे मराठीची ‘एमआर’ ही खूण टाका. ज्या फाँटांत सोय असते तिथे ल आणि श लगेच मराठी वळणाचे होतात. आकडा तोच, अक्षर तेच, फक्त भाषा सांगितली आणि आकार बदलला. ही खूण पाहून दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारे प्रोग्रॅमही मराठी आवाज निवडू शकतात.

आता ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाच्या, कांद्याच्या धंद्यातलं कुठलंही पान याच्याशिवाय पुरं होत नाही आणि अनेक ठिकाणी तो ‘शेतकर्यांसाठी’ असा रफार घेऊन बसलेला दिसतो. का? साधा र, पायमोड आणि य टाइप केला की नियमाप्रमाणे रफारच होतो. मराठीच्या त्या आडव्या र-साठी युनिकोडनं वेगळीच वाट काढली. दक्षिणेकडच्या भाषांतला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून ऱ हे अक्षर आहे. त्याचा पाय मोडला की आपला ‘ऱ्य’ उमटतो. म्हणजे लासलगावच्या शेतकऱ्याचं सामान्यरूप एका द्राविडी व्यंजनाच्या टेकूवर उभं आहे!

‘ॲग्रो’ची कथा तर दुकानदारानं ऐकावीच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८मध्ये. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला दोन निराळे शब्द. स्वतःच करून पाहा: एका प्रकारे लिहिलेला ‘ॲग्रो’ दुसऱ्या प्रकारे लिहून पानावर शोधा. साध्या शोधाला तो सापडत नाही. जुना मजकूर तर आणखी फसवा. छापखान्यातून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात आलेलं पत्रक आतून बहुधा रोमन चिन्हांचं असतं, वरून फक्त मराठी मुखवटा. मुखवटा काढला की ‘खोली भाड्याने मिळेल’च्या जागी निव्वळ कचरा. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये बदलूनच पानावर चढवायचा.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा का? ठेवा, पण काय होतं ते पाहा. पत्त्यातला देवनागरीचा एकेक बाइट पाठवताना तीन चिन्हांत लिहितात: टक्क्याची खूण आणि पुढे दोन चिन्हं. म्हणून एकट्या त्र्यंबकेश्वराची एकशे सतरा चिन्हं होतात. व्हॉट्सॲपवर चिकटवलेली मराठी लिंक अनेकदा राक्षसासारखी का पसरते, ते आता कळलं ना? संकेतस्थळाच्या नावाची तऱ्हा आणखी निराळी. ‘.भारत’ ही ओळख ऑगस्ट २०१४मध्ये सुरू झाली, पण इंटरनेटची नावांची वही फार जुनी. तिला रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच समजतं. मग २००३मध्ये ॲडम कॉस्टेलो यांनी मांडलेली ‘प्युनीकोड’ पद्धत मदतीला येते आणि ‘भारत’चं रूपांतर ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं करते. वही तसूभर बदलली नाही, आणि तरी तिच्यात भारत मावला.

अक्षरं झाली, आता फोटो. समजा येवल्याच्या पैठणीचा फोटो पानावर टाकायचाय. फोननं चार हजार गुणिले तीन हजार, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके टिपले. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर साडेतीन कोटींच्या वर. मग फाइल तीन-चार एमबीत कशी बसते?

या प्रश्नाचं उत्तर एका बंगळूरकराकडे आहे. नासिर अहमद, जन्म १९४०, पुढे अमेरिकेत कॅन्ससमध्ये प्राध्यापक झाले. १९७२मध्ये त्यांनी एक कल्पना मांडून सरकारी संस्थेकडे पैसे मागितले. नाही मिळाले, एका परीक्षकाचा शेरा होता की कल्पना फारच साधी आहे! त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांचा निबंध १९७४मध्ये छापून आला आणि १९९२च्या जेपेग पद्धतीच्या गाभ्यात तीच ‘फारच साधी’ कल्पना बसली.

ती अशी. फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे चौसष्ट ठरलेल्या नक्ष्यांची बेरीज; कुठली नक्षी किती, एवढंच लिहायचं. माणसाचा डोळा फार बारीक चढउतार नीट पकडत नाही, म्हणून त्या नक्ष्यांचे आकडे शून्यावर आणायचे. रंगातला फरकही डोळा उजेडाइतका बारकाईनं पाहत नाही, म्हणून रंगाची माहिती आधीच विरळ करायची. म्हणजे ही पद्धत जेवढी फोटोबद्दल आहे, तेवढीच तुमच्या डोळ्याबद्दल!

तेव्हा पैठणीचा पूर्ण फोटो चढवण्याआधी त्याची रुंदी १०८० ठिपक्यांवर आणा. बहुतेक फोनच्या पडद्याला तेवढी पुरते, आणि ठिपके चौदाव्या हिश्शाच्या आसपास उरतात. पदराचा जवळून घेतलेला फोटो मात्र फार दाबू नका. मोराच्या कडेची जर ही नेमकी ती बारीक नक्षी, जी जेपेग आधी टाकून देतं. आणि दरपत्रक कधीही फोटो करून लावू नका. अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोवती जेपेग धुरळा उडवतं, गिऱ्हाइकाला बोटांनी मोठं करून वाचावं लागतं, आणि शोधयंत्राला त्यातले शब्द भरवशानं वाचता येत नाहीत. सरळ टाइप करा, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ तेवढे तपासून.