पातूर ते अकोला, सहा-सात आठवडे

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटला की खर्रा तयार होतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी वऱ्हाडातल्या पानठेल्यांवर खर्रा मिळतोच. तो तासन्‌तास गालात धरून ठेवायची सवय असल्याने इथला कर्करोग बहुधा गालाच्या आतल्या बाजूला किंवा हिरडीजवळ सुरू होतो. तोंड पूर्ण उघडेनासे होते, एखादी जखम भरत नाही, मानेत गाठ लागते. पण दुखत नाही म्हणून दवाखाना लांबणीवर पडतो, आणि निदान होते तेव्हा आजार बरेचदा तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर गेलेला असतो.

अशा रुग्णावर, शक्य असेल तर, आधी शस्त्रक्रिया होते. काढलेल्या भागाच्या तपासणीत कापलेल्या कडेला कर्करोग सापडला किंवा गाठीचे आवरण फोडून तो बाहेर आलेला दिसला, तर रेडिएशनसोबत किमोही द्यावी लागते. घसा आणि स्वरयंत्राच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात तर अनेकदा ही जोडीच मुख्य उपचार असते. त्यामुळे बऱ्याच रुग्णांचे स्वरयंत्र वाचते.

या जोडीतले औषध म्हणजे सिस्प्लॅटिन. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू लांबच लांब वाढले, पण विभागेनात. कारण वीज नव्हती. प्लॅटिनमच्या पट्ट्यांपासून द्रावणात तयार झालेली संयुगे होती. १९७८ मध्ये हे औषध अमेरिकेत मान्य झाले. किरणे पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. पेशी ते सांधू पाहते, तेव्हा सिस्प्लॅटिन त्या दुरुस्तीत अडथळा आणते. म्हणून इथे किमो ही किरणांच्या आधीची किंवा नंतरची वेगळी पायरी नसते. ती किरणांच्या काळातच दिली जाते.

औषध किती आणि किती दिवसांनी द्यायचे, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे सुटला नव्हता. दर तीन आठवड्यांनी मोठा डोस सोसत नाही, म्हणून अनेक ठिकाणी दर आठवड्याला छोटा डोस देण्याची पद्धत पडली होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ती पद्धत तपासून पाहिली. डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३०० रुग्ण होते. बहुतेकांना तोंडाचा कर्करोग होता आणि त्यांची शस्त्रक्रिया झालेली होती. शरीराच्या दर चौरस मीटरमागे आठवड्याला ३० मिलिग्रॅम घेतलेल्यांत दोन वर्षांनंतर ५८.५ टक्क्यांचा आजार त्या जागी आणि मानेत आटोक्यात होता. तीन आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम घेतलेल्यांत हे प्रमाण ७३.१ टक्के निघाले. त्यांना गंभीर त्रासही जास्त झाला, आणि आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही, हेही खरे. तरी डोस कमी करून सोय साधताना काय गमावले जाते, हे या अभ्यासाने आपल्याच रुग्णांच्या आकड्यांतून दाखवून दिले. पुढे जपानमधल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर आठवड्याला ४० मिलिग्रॅमचा डोस मोठ्या डोसपेक्षा कमी ठरला नाही. म्हणजे दर आठवड्याला औषध द्यायला हरकत नाही, पण ते पुरेसे हवे.

मूत्रपिंड कमजोर असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर सिस्प्लॅटिन देता येत नाही. अशा ३५६ रुग्णांवरचा टाटाचाच दुसरा अभ्यास २०२३ मध्ये आला. किरणांसोबत आठवड्याला थोडे डोसेटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षांनी ५०.८ टक्के रुग्ण हयात होते. नुसती किरणे घेतलेल्यांत ४१.७ टक्के.

आता पातूरचा रुग्ण. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० ते ३५ वेळा असते. अकोल्याचे संत तुकाराम हॉस्पिटल तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय अकोल्याहूनही अडीचशे किलोमीटरवर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च भागू शकतो, पण सोबतच्या माणसाची बुडणारी मजुरी कोण भरून देणार? पेरणी किंवा कापूसवेचणी आली की फेऱ्या चुकू लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटते, भाकर गिळवत नाही, वजन उतरते, आणि नेमके तेव्हाच घरचे म्हणतात, ‘चार दिवस आराम करू दे.’

हा आराम महागात पडतो. किरणांमध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी झपाट्याने वाढतात. लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सरासरी १.४ टक्क्यांनी घटते, असा कर्करोगतज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणून किडलेले दात उपचाराआधीच काढून घ्यावेत, गिळता येईनासे होण्याची वाट न पाहता नाकातून नळी बसवून घ्यावी, आणि सिस्प्लॅटिनच्या दिवशी सलाइन पूर्ण घेऊन मूत्रपिंड जपावे. एवढे करूनही एखादा दिवस हुकलाच तर लपवू नये. डॉक्टर तो शनिवारी भरून काढू शकतात, किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा किरणे देऊ शकतात.