केबल सुटते, तार मात्र राहते

नव्वदच्या दशकात एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लोंबकळत आलेल्या काळ्या तारेने अमरावती-अकोल्याच्या घराघरांत खासगी वाहिन्या आणल्या. महिन्याच्या महिन्याला दारी येणारा केबलवाला दूधवाल्या-पेपरवाल्याच्या पंक्तीत जाऊन बसला. पुढे डिजिटायझेशन आले. २०१२ मध्ये महानगरांत सुरू झालेल्या या बदलात नागपूरचा क्रमांक दुसऱ्या टप्प्यात लागला, तर अमरावती व अकोला तिसऱ्या टप्प्यात आले. या टप्प्याची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०१५ होती. सेट टॉप बॉक्स घरात रुळतो न रुळतो तोच आता तो काढून टाकण्याचा विचार अनेक घरांत सुरू झाला आहे. टीव्हीच्या मागे बोटभर लांबीची स्टिक लावली की केबलचे बिल वाचते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

केबलमध्ये सर्व वाहिन्या एकाच वेळी, अखंड, प्रत्येक घराच्या तारेतून वाहत असतात. बॉक्स त्यातील हवी ती उलगडून दाखवतो. गल्लीत दहा घरे पाहोत वा हजार, तारेवरचा भार तोच. स्ट्रीमिंगमध्ये असे काहीच आपोआप येत नाही. प्रेक्षक मागेल तो कार्यक्रम त्याच्यापुरता सर्व्हरकडून निघतो, लहान लहान तुकड्यांत घरी पोहोचतो आणि पडद्यावर जोडला जातो. एखादा तुकडा उशिरा आला की मधोमध ते गोल चक्र फिरू लागते. म्हणजेच चित्र किती चांगले दिसेल, हे स्टिकच्या किमतीपेक्षा घरातील इंटरनेटवर ठरते. एचडी चित्रासाठी सुमारे ५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो आणि तासाला साधारण ३ जीबी डेटा खर्च होतो. रोज चार तास टीव्ही चालणाऱ्या घराचा महिन्याचा हिशेब ३६० जीबीच्या घरात जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवू पाहणाऱ्यांचा दिवसाचा दीड-दोन जीबी पहिल्या मालिकेच्या आतच का संपतो, ते यावरून कळावे.

तेव्हा केबल काढायची तर घरात ब्रॉडबँड हवे, आणि ब्रॉडबँड म्हणजे पुन्हा तारच आली. गंमत अशी, की ही तार टाकणारा माणूसही पुष्कळदा तोच असतो. अनेक केबलचालकांनी टीव्हीच्या जोडीला फायबर इंटरनेटचा व्यवसाय सुरू केला. बीएसएनएलनेही आपली फायबर सेवा घरोघरी नेण्यासाठी स्थानिक भागीदारांची मदत घेतली. ग्राहक केबल सोडतो, केबलवाला सुटत नाही. ज्याने वेळीच फायबर घेतले तो तगला. ज्याच्याकडे निव्वळ जुने जाळे आणि दोन-तीनशे जोडण्या होत्या, त्याच्यासाठी मात्र उतरवला जाणारा प्रत्येक बॉक्स म्हणजे थेट मिळकतीतली घट आहे.

आता पैशांचे पाहू. ट्रायच्या नव्या दररचनेनुसार २०१९ मध्ये केबलचे मूळ शुल्क कमाल १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे ठरले. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने मूळ शुल्कावरील ही मर्यादा काढून टाकली. दुसरीकडे, २०२० मध्ये जिओने आणलेला ३० एमबीपीएसचा फायबर प्लॅन ३९९ रुपयांचा होता, म्हणजे करासह ४७१. टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी किंवा घरून कामासाठी ज्यांनी आधीच ब्रॉडबँड घेतले, त्यांची केबलची रक्कम खरोखरच वाचते. केवळ टीव्हीसाठी नवे ब्रॉडबँड घेणाऱ्याला हा सौदा महाग पडण्याचीच शक्यता अधिक. घरात दोन-तीन टीव्ही असतील तर पारडे पुन्हा फिरते. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र बॉक्स लागतो, इंटरनेट मात्र सर्वांना एकच पुरते.

त्यात मराठी घराची अडचण निराळी आहे. झी मराठीच्या मालिका झी५वर, स्टार प्रवाह व कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. केबलमध्ये एका रिमोटच्या तीन बटणांत जे होते, त्यासाठी येथे तीन अॅप, तीन पासवर्ड आणि बहुधा तीन वर्गण्या. सासूबाईंची साडेसातची मालिका कोणत्या अॅपमध्ये लपली आहे, हे शोधण्याचे काम मग नातवाकडे येते आणि नातू शिकायला पुण्याला असतो! बातम्यांचे तुलनेने सोपे आहे. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट व विनामूल्य दिसतात.

क्रिकेटची चव थोडी बिघडते. अकोल्याचा अथर्व तायडे पंजाबकडून खेळला त्या २०२३च्या आयपीएलचे सामने जिओसिनेमावर फुकट होते. २०२५ पासून जिओहॉटस्टारने वर्गणीचा मार्ग धरला. शिवाय तुकडे जमवून दाखवण्यात काही सेकंद जातात, त्यामुळे केबलवर सामना पाहणाऱ्या शेजाऱ्याचा जल्लोष आधी ऐकू येतो आणि षटकार नंतर दिसतो. यावर ग्राहकाच्या हाती फारसा इलाज नाही.

पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो त्या वऱ्हाडी मे महिन्यात वीज गेली तर? घरच्या इन्व्हर्टरवर टीव्ही व राउटर दोन्ही चालतील, पण तेवढ्याने भागत नाही. फायबरच्या वाटेतील विभाजकाला वीज लागत नसली, तरी सेवादात्याच्या केंद्रातील यंत्राला लागते. तेथे बॅटरीची सोय किती तासांची आहे, हे जोडणी घेतानाच विचारून घ्यावे. डिशला हे परावलंबन नाही. ती मात्र आषाढातल्या मुसळधार पावसात डोळे मिटते, आणि फायबरला पावसाचे काही वाटत नाही.

टीव्हीला एचडीएमआय जोडणी आहे ना, हे प्रथम पाहावे. जुन्या पेटीवजा टीव्हीला ती नसते. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून न देता सोबतच्या अॅडॉप्टरमधून द्यावी, अन्यथा ती वारंवार बंद पडते. आणखी एक गोष्ट सहसा केबल काढल्यावरच लक्षात येते: स्थानिक वाहिनी. पाणीपुरवठ्याची सूचना, अंबादेवीच्या नवरात्राची वा राजराजेश्वराच्या कावड यात्रेची दृश्ये, गावातले निधन. हे सारे स्ट्रीमिंगच्या मोठ्या दुकानात मिळत नाही. काही स्थानिक वाहिन्या यूट्यूबवर आल्या आहेत, आपली आली आहे का ते आधी शोधावे. फारसे न पाहणाऱ्या घरासाठी दूरदर्शनची डीडी फ्री डिश हा तिसरा मार्गही आहे. एकदाचा खर्च, मासिक शुल्क नाही आणि सह्याद्री वाहिनी हमखास.

केबल एकदम तोडण्याची गरजही नसते. ग्राहकाच्या विनंतीवरून सेवा काही काळ स्थगित ठेवण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. तसा लेखी अर्ज करावा, बॉक्स जपून ठेवावा आणि एक-दोन महिने घरातील सर्वांनी, विशेषतः ज्यांचा दिवस टीव्हीसमोर जातो त्यांनी, नवी व्यवस्था वापरून पाहावी. कायमची जोडणी सोडताना बॉक्स परत केल्याची पोच आणि अनामत भरली असल्यास तिची रक्कम मागून घ्यावी.