कुत्रा चावण्याआधीची जबाबदारी

खडकी पुणे शहरात असली तरी तिचा मोठा भाग पुणे महापालिकेच्या हद्दीत येत नाही. बोपोडीत कुत्रा पाळणाऱ्याला परवान्यासाठी महापालिकेकडे जावं लागतं, तर खडकी बाजार किंवा रेंज हिल्समधल्या मालकाला कॅन्टोन्मेंट कायदा, 2006 लागू होतो. या कायद्याने कॅन्टोन्मेंट बोर्डाला कुत्र्यांच्या नोंदणीसाठी उपविधी करण्याचा अधिकार दिला आहे: नोंदणी सक्तीची करायची, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला बोर्डाने दिलेला धातूचा बिल्ला असावा असं ठरवायचं, बिनबिल्ल्याचा कुत्रा सार्वजनिक जागी सापडला तर ताब्यात घ्यायचा. त्याच्याच जोडीला एक तरतूद आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. आपला कुत्रा लोकांना त्रास देईल किंवा धाक घालेल हे मालकाला ठाऊक असेल, तर मुसकं आणि साखळी यांच्याशिवाय तो रस्त्यावर मोकळा सुटणार नाही हे पाहणं मालकाचं काम आहे. यात हयगय केली तर दंड होतो. कुत्रा चावेपर्यंत कायदा थांबत नाही. मालकाला जे ठाऊक आहे, तिथूनच त्याची जबाबदारी सुरू होते. धोकादायक कुत्रा म्हणजे कोणता, या प्रश्नाचं मला सापडलेलं सर्वांत समंजस उत्तर हेच आहे.

आपल्याकडची चर्चा मात्र जातींभोवती फिरते. 12 मार्च 2024 रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, केन कॉर्सो अशा 23 जातींच्या कुत्र्यांना परवाने देऊ नयेत आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करावी असं सांगितलं. महिनाभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, पाठोपाठ दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. संबंधितांशी पुरेशी सल्लामसलत न करता घेतलेला निर्णय, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. ब्रिटनने 1991 च्या कायद्यात काही जातींवर बंदी घातली, पण त्याच कायद्यात कोणत्याही जातीचा कुत्रा धोकादायकरीत्या ताब्याबाहेर गेला तर मालकाला दोषी धरलं. म्हणजे यादी करणाऱ्यांनाही यादी पुरली नाही. मोठ्या जबड्याच्या, ताकदवान कुत्र्याचा चावा जास्त खोल जातो हे खरं आहे, आणि म्हणून तसा कुत्रा पाळणाऱ्याने जास्त सावध राहावं हेही खरं. पण यादीत नाव नाही म्हणजे आपला कुत्रा निर्धोक, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

मुंबईतले दोन निकाल हेच सांगतात. 2010 मध्ये नेपियन सी रोडवर भांडण चालू असताना मालकाने गाडीचं दार उघडलं, आतला रॉटवायलर बाहेर आला आणि 72 वर्षांच्या एका व्यक्तीला चावला. या प्रकरणी 2023 मध्ये न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. वरळीत 2018 मध्ये लिफ्टमध्ये लहान मूल असल्याने थांबण्याची विनंती झाली असतानाही एकाने आपला कुत्रा ओढत आत आणला आणि त्या मुलाच्या वडिलांना कुत्रा चावला. त्याला 2025 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. एकाने दार उघडलं, दुसऱ्याने दोरी ओढली. दोन्ही ठिकाणी कुत्रा चावण्याआधी माणसाने निर्णय घेतला होता. आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 याच निर्णयाकडे बोट दाखवतं: आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पुरेशी खबरदारी म्हणजे काय, हे रस्त्यावर बारकाईने पाहिलं की कळतं. लांब सुटणारी, बटणावर चालणारी दोरी अरुंद गल्लीत कुचकामी असते. कुत्रा झेप घेतो तेव्हा तो माणसापासून आधीच दोन हातांवर पोचलेला असतो. आखूड, जाड पट्टा धरणाऱ्याच्या अंगाजवळ राहतो, पण धरणाऱ्याच्या अंगात तेवढं बळ हवं. चाळीस किलोचा कुत्रा शाळकरी मुलाच्या हाती देणं ही खबरदारी नव्हे. मुसकं जाळीचं हवं, म्हणजे कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी पट्टी पुण्याच्या एप्रिलमध्ये घातक ठरते, कारण धाप लागूनच कुत्र्याचं अंग थंड होतं. दिवसभर बांधून ठेवणं हाही उपाय नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीत ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, दोन्ही गुन्हे आहेत. आणि चावा झालाच तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुणं, लसीसाठी माणसाला तातडीने दवाखान्यात नेणं आणि कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवणं, यात मालकाने टाळाटाळ करून चालत नाही.

यावर मालकांचा पहिला आक्षेप असतो, ‘आमचा आजवर कुणाला चावला नव्हता.’ पहिल्या चाव्यासाठी ही सबब काही वेळा खरी असेल, पण चावणं हे एकच लक्षण नाही. फाटकावर झेपावणं, गुरगुरणं, पोस्टमनच्या अंगावर धावून जाणं हे घरच्यांनी पाहिलेलं असतं, म्हणजे ते ठाऊकच असतं. दुसरा आक्षेप असा, की खरा त्रास भटक्या कुत्र्यांचा आहे, मग पाळणाऱ्यांवर बडगा का? भटक्यांचा प्रश्न मोठा आहे, पण त्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते. पाळीव कुत्र्यामागे उभा असलेला माणूस डोळ्यांसमोर असतो, म्हणून त्याला जाब विचारणं सोपं आणि न्याय्य आहे. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: अटी वाढल्या की लोक नोंदणी टाळतील, कुत्री सोडून देतील. सोडून देणं क्रूरतेच्या कायद्यानुसार गुन्हा आहे, पण नुसत्या धाकाने ते थांबणार नाही. म्हणून नोंदणी स्वस्त आणि सोपी असावी, आणि कडक अटी फक्त ज्याच्याबद्दल तक्रार सिद्ध झाली आहे त्याच कुत्र्याला लागाव्यात.

खडकीत हे करून पाहणं अवघड नाही. हद्द छोटी आहे, नोंदणीचा आणि बिल्ल्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. चौकशीअंती खरी ठरलेली तक्रार नोंदवहीत त्या कुत्र्याच्या नावापुढे चढवावी, मालकाला तसं लेखी कळवावं, त्यापुढे मुसक्याशिवाय बाहेर नेण्याची मुभा काढून घ्यावी आणि वर्षभर तक्रार आली नाही तर फेरविचार करावा. एकदा असं पत्र हाती पडलं की ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव कोर्टात उभाच राहत नाही. चावा झालेल्या माणसाला न्यायासाठी सात-तेरा वर्षं थांबावं लागतं हे वरचे दोन निकालच दाखवतात. नोंदवहीतली एक ओळ त्याला त्याच आठवड्यात आधार देऊ शकते.